वेवजीच्या तळ्यातली गोगलगाय

लाहूने बैल उधव्याला मेव्हण्याच्या अंगणातल्या खांबाला बांधला आणि गोठ्यात जाऊन गाय सोडली, तेव्हा घरात एकटी रूपी होती. रूपी म्हणजे त्याच मेव्हण्याची, चिमणची बायको, रविनाची आई. नागली पाखडता पाखडता ती सूप हातात घेऊनच बाहेर आली.

"दाजी, हे काय चाललंय?"

"माझी गाय मी नेतो. तुमचा बैल तुम्हाला परत."

"रविनाचा बाबा येऊ दे तरी. मग काय ते बोला."

"त्याच्याशी काय बोलायचं? रोगी बैल गळ्यात बांधला त्याने माझ्या."

रूपीने सूप खाली टाकलं आणि गायीचं दावं धरलं. लाहूने ते तिच्या मुठीतून हिसकावलं. काथ्याचा दोर तिच्या तळहातावरून खसकन ओढला गेला आणि कातडी सोलली. लाहूने ते पाहिलं, पण तो थांबला नाही. गोठ्यात गायीचं वासरू हंबरायला लागलं होतं. जाता जाता तो म्हणाला, "वासरू तुमच्याकडे जन्मलं. ते तुमचं."

आपण अगदी न्यायाने वागलो असं त्याला वाटलं. उधव्याहून वेवजीपर्यंत, मधला अहमदाबादचा हायवे ओलांडून, तो गाय चालवत घरी आला.

दीड वर्षापूर्वी ही अदलाबदल दोन्ही घरांच्या राजीखुशीने झाली होती. महालक्ष्मीची जत्रा नुकतीच संपली होती. लाहूचा एक बैल साप चावून मेला होता आणि पावसाआधी जोडी पुरी करायची होती. चिमणकडे बैल तीन, पण दुभतं जनावर नव्हतं. लाहूची बायको ठकी ही चिमणची सख्खी धाकटी बहीण. तिनेच मधे पडून सुचवलं, की आमची तांबी तुमच्याकडे येऊ दे, तुमचा कोसा आमच्याकडे. कोसा तरणा होता, चिखलात दमत नसे. त्या वर्षी लाहूने शेजारच्यांची खाचरंसुद्धा त्याच्यावर चिखलून दिली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर कोशाच्या नाकातून पाणी गळायला लागलं. मग शेंबूड, कधी त्यात रक्ताची रेघ. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, पाड्यावरची सगळी जनावरं एकत्र आणली, तेव्हा तो उभ्या उभ्या घोरत होता. श्वास आत जाताना घर्र, बाहेर येताना घर्र. चारा तोंडात घेतला की मान वर करून श्वासासाठी थांबायचा.

पाड्यावरच्या भिकाचा म्हातारा बैलही बरीच वर्षं असाच घोरायचा. त्याची सगळे चेष्टा करायचे, की भिकाचा बैल ताडी पिऊन झोपतो. पण भिका लाहूला म्हणाला, "माझा बैल म्हातारा, म्हणून घोरतो. तुझा तर जवान आहे. याला आधीचाच रोग असणार. मेव्हण्याने लपवला."

हे शेवटचं वाक्य लाहूच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

"दादा असं नाय करणार," ठकी म्हणाली. "आणि बैल इतके दिवस आपल्याकडे चांगला होता ना?"

"रोग आत दबून राहतो. तुला काय कळतं?"

"मग दवाखान्यात ने त्याला."

"त्याचा बैल, तो नेईल."

आणि दिवाळी सरताच तो ठकीला न सांगता उधव्याला जाऊन गाय घेऊन आला. तांबीला अंगणात बघून ठकीने काय झालं ते ओळखलं. गायीसमोर पेंढा टाकून ती आत गेली आणि चुलीपाशी बराच वेळ बसून राहिली.

चिमण त्या दिवशी उंबरगावला बांधकामावर गेला होता. संध्याकाळी घरी आला तर अंगणात बैल घोरतोय, गोठ्यात वासरू ओरडतंय आणि रूपीच्या तळहाताला हळद लावलेली. सगळं ऐकल्यावर तो कोयता घेऊनच निघाला. रूपी आणि त्यांची मुलगी रविना, दोघींनी त्याला दारात अडवलं.

"वैशाखात पोरीचं लगीन आहे," रूपी म्हणाली. "आता भांडण नको."

"त्या लग्नाला वेवजीचं कोणी नको मला," चिमण म्हणाला. "बहीणसुद्धा नको."

बैलाचा मात्र त्याने राग धरला नाही. थोड्याच दिवसांत तलासरीहून जनावरांना लस टोचायला डॉक्टर आल्या, तेव्हा तो कोशाला घेऊन गेला. डॉक्टर दक्षा संजाणकडच्या. मराठी बोलता बोलता मधेच गुजरातीत शिरायच्या. त्यांनी रविनाच्या हातात मोबाइलचा टॉर्च दिला आणि बैलाची नाकपुडी रुंदावून आत पाहिलं.

"इथे बघ. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काही दिसतं?"

रविनाला दिसलं. नाकाच्या आत लालसर, खडबडीत गाठी होत्या.

डॉक्टरांनी शेंबडाचा नमुना काचपट्टीवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी चिमणला दवाखान्यात बोलावलं. रविना बरोबर गेली. सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखी वाकडी अंडी दिसत होती. डॉक्टरांनी दोघांनाही ती बघू दिली.

"हे कृमी नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहतात," त्या म्हणाल्या. "त्यांची अंडी शेंबडातून बाहेर पडतात. बैल पाणी प्यायला तोंड घालतो, तेव्हा ती पाण्यात पडतात. अंड्यातून जो जीव निघतो त्याला एक विशिष्ट गोगलगाय लागते. ती नाही मिळाली तर तो मरतो. मिळाली तर तिच्या पोटात वाढतो, एकाचे हजारो होतात आणि मग पाण्यात सुटतात. तिथे दुसरं जनावर उभं असेल, तर त्याच्या कातडीतून आत शिरतात."

"म्हणजे पाण्यातून लागतं हे?" चिमणने विचारलं.

"पाण्यातून. गोगलगाय नसेल तर एका जनावराचं दुसऱ्याला नाही लागत. तुमच्या गावात आणखी कुठलं जनावर घोरतं?"

"नाय. एकही नाय."

"मग हा बैल कुठे होता?"

"वेवजीला. माझ्या बहिणीकडे."

"तिथे पाणी कुठे प्यायचा?"

"पाड्याखाली तळं आहे. दुपारची सगळी ढोरं त्यातच बसतात."

डॉक्टरांनी मोबाइलवर त्या गोगलगायीचा फोटो दाखवला. तिचं नाव इंडोप्लॅनॉर्बिस. तपकिरी, चपटी, नाण्याएवढी. इतर गोगलगायींसारखं वर निमुळतं टोक नाही, सगळे वेढे एकाच पातळीत गुंडाळलेले. रविनाला हंड्याखाली डोक्यावर ठेवतात ती चुंबळ आठवली.

"हिच्या तोंडाला झाकण नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "खाचरातल्या त्या मोठ्या गोगलगायी झाकण लावून बसतात ना, तशी ही नाही. ही हवेत श्वास घेते, म्हणून अधूनमधून वर येते. आणि हिचं रक्त लाल असतं, आपल्यासारखं. त्यामुळे हवा कमी असलेल्या घाण पाण्यातही तगते. एक राहिली तरी पुरे. नर आणि मादी दोन्ही तीच, एकटीच अंडी घालते. म्हणून सांगते, या बैलाला तुमच्या ओढ्यावर नेऊ नका. ही तिथेही असेल. आज तिच्यात रोग नाही, उद्या याच्यामुळे शिरेल."

चिमणने तेव्हापासून कोशाला घरीच बादलीने पाणी पाजलं. दर आठवड्याला इंजेक्शनला तलासरीला नेलं. पण त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना तो रविनाला म्हणाला, "घाण त्यांच्या तळ्यात आणि चोर मी."

"बाबा, मग तांबीपण त्याच तळ्यावर जात असेल. तिलाही होईल. आत्याला सांगायला पाहिजे."

"होऊ दे. मग कळेल त्याला."

माघ सरता सरता लग्नाच्या साड्या घ्यायला रूपी आणि रविना डहाणू रोडला गेल्या. रूपीने आदल्या दिवशी ठकीला गुपचूप फोन केला होता. स्टेशनसमोरच्या दुकानात ठकी आधीच येऊन बसली होती. वहिनीला बघताच ती उठली आणि आधी तिचा हात हातात घेऊन तळवा उलटा करून पाहिला. तिथे फिकट पट्टा उरला होता.

"बरा झाला," रूपी म्हणाली. "चल, पोरीला साडी दाखव. आत्याच्या पसंतीचीच पाहिजे म्हणते."

खरेदी झाल्यावर तिघी चहाला बसल्या. रविनाने सगळं सांगितलं. नाकातल्या गाठी, अंडी, तळं. मोबाइलवरचा फोटो पुढे केला. ठकीने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"ही तर ढीगभर आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "पाण्यातल्या पानांखाली चिकटलेली असते."

"तांबी कशी आहे?" रूपीने विचारलं.

ठकीने मोबाइल रविनाला परत दिला. "शिंकते," ती म्हणाली. "चार दिवस झाले. थंडीने असेल म्हणाला तो."

घरी आल्यावर तिने लाहूला सांगितलं. तो हसला.

"गोगलगायीमुळे बैल घोरतो? आणि हे कोणी सांगितलं? चिमणने."

"डॉक्टरीणबाईंनी."

"त्यांना घेऊन कोण गेलं? चिमण. मग तो सांगेल तेच त्या बोलणार."

ठकीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तांबीला हापशीचं पाणी आणून पाजायला लागली. पण दुपारी लाहू सगळी ढोरं सोडायचा आणि तांबी इतरांबरोबर तळ्यात जाऊन पोटापर्यंत बुडून बसायची. मग ठकीने ठरवलं, हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. डॉक्टरांनी रविनाला आणखी एक गोष्ट सांगितली होती. गोगलगायी काचेच्या भांड्यात स्वच्छ पाण्यात ठेवून उन्हात ठेवल्या, तर त्यांच्यातून सुटलेले जीव नुसत्या डोळ्यांनी दिसतात. उन्हं वर चढली की ते बाहेर पडतात.

ठकी सकाळी तळ्यावर गेली. काठालगत हिरवं गवत आणि पाणवेली माजल्या होत्या. एक पान उलटं केलं तर खाली तीन गोगलगायी आणि बाजूला चिकट, पारदर्शक गोळा, आत बारीक ठिपके. ती अंडी असावीत. काही गोगलगायी पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून, उलट्या होऊन तरंगत होत्या. तिने हात घातला की त्या बुडबुडा सोडून खाली बसायच्या. एक दगडावर पडून फुटली. त्यातून लाल पाणी आलं. डॉक्टर रक्ताबद्दल बोलल्याचं रविनाने सांगितलं होतं, तरी ठकी दचकली. इतकी वर्षं या तळ्यावर भांडी घासली, कपडे धुतले आणि हे कधी पाहिलं नाही.

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हापशीचं पाणी भरून तिने गोगलगायी सोडल्या आणि बरणी ओट्यावर उन्हात ठेवली. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. गोगलगायी काचेवर चढल्या, उतरल्या, एवढंच. लाहू येता-जाता बरणीकडे बघून म्हणाला, "शिजवायच्या आहेत का?"

तिने त्या परत सोडल्या आणि जिथे ढोरं बसतात त्या बाजूच्या, आणखी बऱ्याच, आणल्या. या वेळी उन्हं डोक्यावर येत असताना बरणीतलं पाणी गढूळ दिसायला लागलं. ठकीने मागे काळं कापड धरलं. पाण्यात पांढऱ्या धुळीचे कण होते, पण धूळ खाली बसते. हे कण वर चढत होते, थांबत होते, शेपटी हलवून पुन्हा वर येत होते.

"सुनिलच्या बाबा, इकडे ये," मुलाचं नाव घेऊन तिने लाहूला हाक मारली.

लाहू आला. वाकून बघत राहिला.

"हे यांच्यातून निघालं?"

"मी हापशीचं पाणी घातलं होतं. सकाळी यात काही नव्हतं. तू पण बघितलंस."

लाहूने बोट बरणीत घालायला पुढे केलं. ठकीने त्याचा हात धरला. "नको. माणसाच्या कातडीतही शिरतात. आत मरतात, पण खाज सुटते. आवणीच्या वेळी पोटऱ्यांना फोड येतात ना आपल्या? तसे. कदाचित तेच असेल म्हणाली रविना."

तिच्या स्वतःच्या मनगटांवर आदल्या दिवशीच लाल पुरळ उठलं होतं. लाहूने ते पाहिलं. मग तो गोठ्यात गेला आणि तांबीच्या नाकाला कान लावून उभा राहिला. श्वासात बारीक खरखर होती. कोशाची सुरुवात अशीच झाली होती. आणि तांबी तर उधव्याहून ठणठणीत आली होती. तिला तिथून त्यानेच आणलं होतं.

बाहेर येऊन तो ओट्यावर बसला. "भिकाचा बैल," तो म्हणाला. "तो किती वर्षं घोरतोय."

"आणि आपण हसत होतो," ठकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं तांबीला घेऊन तलासरीला गेले. बरणीही घट्ट झाकण लावून पिशवीत घेतली होती. डॉक्टर दक्षांनी बरणी उजेडात धरून पाहिली.

"हे या रोगाचेच जीव आहेत का, ते असं नुसतं बघून नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "या गोगलगायीत असे बरेच प्रकार वाढतात. पण गायीच्या शेंबडात अंडी असली, तर शंका उरणार नाही."

अंडी होती. थोडीच, पण होती.

"लवकर आणलीत," डॉक्टर म्हणाल्या. "बरी होईल. उधव्याचा तो बैलही सुधारतोय."

लाहूने मान खाली घातली. "बैल माझ्याकडेच आजारी पडला," तो म्हणाला. हे त्याने पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

त्याने ठकीला गाय घेऊन घरी पाठवलं आणि स्वतः तिथूनच उधव्याची जीप धरली. वाटेत काय बोलायचं ते त्याने पुष्कळदा जुळवलं, पण चिमणच्या अंगणात पाय ठेवला आणि सगळं विसरला. चिमण ताडाच्या झावळ्या चिरत बसला होता. लग्नाच्या मांडवाची तयारी आतापासूनच चालू होती. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

"दादा, माझं चुकलं," लाहू म्हणाला. "रोग आमच्या तळ्यातला आहे. गायीलाही झाला."

"मला माहीत होतं होणार ते," चिमण म्हणाला. "मी मुद्दाम नाय सांगितलं."

त्यावर रागवायचा आपल्याला हक्क आहे असं लाहूला वाटलं नाही.

"मला काय सांगतोस?" झावळी चिरता चिरता चिमण म्हणाला. "माझ्या हातातून काय ओढलं नव्हतंस तू. जिच्या हातातून ओढलंस ती आत आहे."

लाहू दारापर्यंत गेला. रूपी भाकऱ्या थापत होती. तो बाहेरच, उंबऱ्याशी उकिडवा बसला.

"वहिनी, त्या दिवशी मी... तुमच्या हाताला लागलं ते मला दिसलं होतं. दिसूनही गेलो."

रूपीने तव्यावरची भाकरी उलटली. "हाताचं काय, भरून आलं," ती म्हणाली. "मी एकटी घरात होते, दाजी. ओरडले असते तर सगळा पाडा जमा झाला असता आणि तुम्हाला मारलं असतं. ठकीसाठी गप्प राहिले. हे लक्षात ठेवा."

"ठेवीन."

"जेवून जा."

चिमण त्याच्या पंगतीला बसला नाही. पण जेवण झाल्यावर लाहूने न विचारता दुसरा कोयता उचलला आणि झावळ्या चिरायला सुरुवात केली, तेव्हा चिमणने थोडं सरकून जागा दिली. संध्याकाळपर्यंत दोघं कामापुरतंच बोलले.

वेवजीला ढोरांचं तळ्यावर जाणं बंद करायचं काम सोपं गेलं नाही. भिकाने साफ सांगितलं, "माझ्या बापाची ढोरं याच तळ्यात प्यायली." लाहूने वाद न घालता डॉक्टर दक्षांना पाड्यावर बोलावून आणलं. त्यांनी भिकाच्या बैलाच्या नाकात टॉर्च मारला आणि भिकालाच आत बघायला लावलं. नाकपुडी जवळजवळ बंद झाली होती. एवढ्या वर्षांच्या गाठी औषधाने पूर्ण जाणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भिका त्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच काठावरच्या पाणवेली ओढून काढायला घेतल्या.

हापशीशेजारी ढोरांना पाणी पाजायला सिमेंटची डोणी बांधली. ढोरं तळ्यात जाऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घातलं, पण ते दोनदा कोणीतरी मोडलं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच निघालं. सुकलेल्या गाळात खणलं की मेल्यासारख्या दिसणाऱ्या गोगलगायी मिळायच्या आणि बादलीतल्या पाण्यात टाकल्या की त्यांतल्या काही हळूच तोंड बाहेर काढायच्या. ठकीने पाळायला बदकं आणली. बदकं गोगलगायी खातात, पण सगळ्या खात नाहीत. तळं पूर्ण साफ होईल असं डॉक्टरांनीही कबूल केलं नव्हतं. ढोरं पाण्यापासून लांब ठेवायची, हेच खरं औषध, असं त्या म्हणाल्या होत्या.

तांबी चैत्रापर्यंत सुधारली. कोसा उधव्यालाच राहिला. त्याच्या श्वासात थोडा आवाज उरला, पण तो पोटभर खायला लागला. परत अदलाबदलीची गोष्ट ना लाहूने काढली, ना चिमणने.

रविनाच्या हळदीला ठकी दोन दिवस आधीच माहेरी जाऊन राहिली. लाहू लग्नाच्या सकाळी आला. चिमण मांडवात पाहुण्यांच्या पाया पडत होता. लाहू समोर आल्यावर तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "दाजी, भात शिजवायला माणूस कमी पडतोय. मागे जा जरा."

लाहूने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि तो मागच्या चुलवणाकडे गेला.